लग्नात सनई-चौघडा ठेवताय? इशाऱ्याचा माणूस आधी ठरवा

बेळगावात हल्ली वरातीला बेंजो आणि मांडवात सनई असं बरेच जण करतात. अक्षतेला खरी सनईच वाजली पाहिजे असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. रेकॉर्ड लावून भागतंय की, असं म्हणणारं घरात कोणीतरी असतंच, त्यांचं अजिबात ऐकू नका.

तारीख ठरली की हॉलच्या पाठोपाठ वाजंत्र्यांना फोन. तुळशीचं लग्न झालं की तिथ्या सुरू होतात आणि दाट तिथीला एकच ताफा सकाळी शहापूर, दुपारी खानापूर असं धरतो, म्हणून त्या दिवशी अजून कुठली सुपारी घेतलीय का हे सरळ तोंडावर विचारा. इसार द्या, वहीत लिहून घ्या. व्हिडिओ बघून ठरवू नका, कुणाच्या तरी लग्नात उभं राहून ऐका. माणसं किती हेही आधीच बोला: मुख्य सनई, साथीची सनई, नुसता सूर धरणारा, आणि चौघडा किंवा संबळ. पैसे वाचवायला लोक नेमका सूर धरणाऱ्यालाच कापतात. नका कापू, त्याच्याशिवाय सनई उघडी पडते.

आता मुख्य गोष्ट. अंतरपाट सरकला, आता वाजवा, असा वाजंत्र्यांना इशारा द्यायला एक माणूस. आमच्या घरच्या गेल्या लग्नात बाकी सगळं होतं, हेच राहिलं. वाजंत्री बसतात दाराशी नाहीतर स्टेजच्या कडेला, अंतरपाट धरला की सगळा हॉल उभा राहतो आणि त्यांना पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही. कानावर विसंबावं तर भटजी प्रत्येक कडव्याला 'सावधान' म्हणतात. आमच्याकडे मधल्याच एका सावधानला चौघडा सुरू झाला, आत्याने स्वतः रचलेलं मंगलाष्टक त्यात बुडालं, आणि खरोखर अंतरपाट खाली आला तेव्हा ताफा थांबून एकमेकांची तोंडं बघत होता. ती वेळ परत येत नाही हो.

तेव्हा माणूस नेमा. एकच, आणि नावानिशी. मामा नको, मामा नवरीमागे असतो. करवली नको. फोटोत यायची हौस असलेला तर मुळीच नको. ज्याला अक्षता टाकता आल्या नाहीत तरी चालेल असा, वाजंत्र्यांच्या समोर आणि भटजी दिसतील अशा जागी उभा राहणारा. 'तदेव लग्नं' हा भटजींचा शेवटचा श्लोक सुरू झाला की तयार राहायचं, अंतरपाट सरकला की उपरणं वर. ताफा गोकाक-बैलहोंगलकडचा असला तर बोलणी करायला कन्नड येणारा कोणी बरोबर घ्या, पण त्या गलक्यात कुठल्याच भाषेतलं ओरडणं पोचत नाही, उपरणंच. भटजींनाही आदल्या दिवशी विचारा, घरच्या बायका किती अष्टकं म्हणणार आणि शेवटचं कुठलं. आणि त्या माणसाला सकाळी परत एकदा आठवण करा.

बसायची जागा पंख्याच्या झोतात नको. सनईला दोऱ्याने लोंबणाऱ्या जादा पत्त्या बघितल्या असतील, त्यातली एक ते तोंडात धरून भिजवतात, वारं लागलं की ती सुकते आणि सूर फाटतो. वळवाचे दिवस असतील तर चौघड्यावर आडोसा हवाच, कातडं दमट झालं की आवाज बसतो. बंद हॉलमध्ये चौघड्याला माईक लावू देऊ नका, साऊंडवाला आग्रह करेल. हेस्कॉमची लाईट गेली तरी सनई थांबत नाही हे त्याला सांगा. कोणी पेटीवर मंगलाष्टकं म्हणणार असेल तर सनईचा सूर आधी विचारून पेटी त्याला जुळवा, उलटं होत नाही, सनई पत्तीवर थोडीफारच सरकते.

नाश्ता लवकर द्या, भरल्या पोटी फुंकता येत नाही. पंगतीतही ते वाजवत असतात, म्हणून त्यांची ताटं आधीच बाजूला काढून ठेवायला आचाऱ्याला सांगा, नाहीतर शेवटी नुसता भात उरतो. इशाऱ्याच्या माणसाचं जेवणही तिथेच, म्हणजे तो मध्येच गायब होणार नाही.

वरातीचा ताफा वेगळा ठरवा. स्पीकर असेल तर रात्री 10 ला बंद, नियम आहे. बिदागी, नारळ, टॉवेल-टोपी म्होरक्याच्या हातात, चारचौघांसमोर. घरी जायची गाडी कोण देणार तेही आधीच ठरवा.