फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी

अमेरिकेत रेसिडेन्सीला, म्हणजे डॉक्टरकीच्या पुढच्या प्रशिक्षणाला आलेली आपली मुलं व्यसनाच्या ओपीडीत पहिल्यांदा बसली की विचारतात, "सर, ते महिन्याचं इंजेक्शन द्यायला अवघड असतं का?"

अवघड नसतं. ते इंजेक्शन म्हणजे सब्लोकेड, ओपिऑइडच्या (हेरॉइन, फेंटानिलसारख्या नशेच्या) व्यसनावरचं. पेशंटला उताणं झोपवायचं, पोटावरची कातडी चिमटीत धरायची, चरबीत सुई घालून सावकाश दाबायचं. पण औषध दाट आणि सुई १९ गेजची, म्हणजे रक्त काढायच्या नेहमीच्या सुईहून जाड. माझ्या पहिल्या पेशंटला मी सब्लोकेड फ्रिजमधून काढून घाईत तसंच टोचलं. तो असा ओरडला की बाहेरची नर्स धावत आली. निदान पंधरा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवायचं असतं. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

आत गेल्यावर या औषधाचा घट्ट गोळा बनतो आणि त्यातून महिनाभर ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे तलफ दाबणारं मूळ औषध, झिरपत राहतं. तेच शिरेत गेलं तर जिवावर बेततं. म्हणून सिरिंज पेशंटच्या हातात कधीही द्यायची नाही.

२०१७ साली मंजुरी मिळाली तेव्हा आधी किमान सात दिवस जिभेखाली ठेवायचं ब्युप्रेनॉर्फिन द्यावं लागे. तेवढ्यात माणसं हातची जायची, फेंटानिलवाली तर नक्कीच. २०२५ पासून जिभेखाली एक डोस देऊन तासभर बघितलं की इंजेक्शन देता येतं. मात्र नशा उतरू लागल्याच्या खुणा, म्हणजे जांभया, वाहतं नाक, अंगावर काटा, मोठ्या झालेल्या बाहुल्या दिसेपर्यंत तो पहिला डोसही देऊ नका. नाहीतर एकदम तीव्र विड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, तुम्हीच ओढवून घ्याल. व्हिविट्रॉलशी गल्लत तर मुळीच नको. तेही महिन्याचंच इंजेक्शन, पण ते नॅल्ट्रेक्सोन, ओपिऑइडचा परिणामच अडवणारं. कुल्ल्याच्या स्नायूत देतात आणि त्याआधी सात ते दहा दिवस ओपिऑइड पूर्ण बंद लागतं.

हे सगळं आठवडाभरात अंगवळणी पडतं. बोलणं जमायला मला दोन वर्षं लागली.

छपरं घालणारा एक पेशंट होता. पहिलं इंजेक्शन दिल्यावर मी फुशारकीने म्हणालो, "आता महिनाभर काळजी नाही." तिसऱ्या आठवड्यात तो तोंड पाडून आला. तलफ येत होती आणि दोष आपलाच, असं त्याने ठरवून टाकलं होतं. पहिल्या डोसला रक्तातलं प्रमाण पुरतं चढलेलं नसतं, मधे काही दिवस जिभेखालची फिल्म (ब्युप्रेनॉर्फिनची विरघळणारी पातळ पट्टी) लागू शकते. एवढं मी आधीच सांगायला हवं होतं.

तोच पुढे एकदा म्हणाला, "सकाळी फिल्म ठेवून दहा मिनिटं गप्प बसायचो. ती दहा मिनिटं आता खायला उठतात." रोजच्या औषधाची कटकट सुटली म्हणजे पेशंट खूश, हे माझंच गणित. उलट घरात लहान मुलं असलेली एक आई पहिल्यांदा निवांत झोपली. फिल्म कुठे लपवायची हा घोर संपला होता. दोघांना एकच भाषण देऊन चालत नाही.

टोचल्या जागी गाठ येते, आठवड्यांनी विरते. चोळायची नाही, पट्टा घासू द्यायचा नाही. छपरांवाला मात्र दर वेळी कपडे सारखे करताना ती हळूच चाचपतो आणि विचारतो, "आहे ना अजून?"

"आहे," मी म्हणतो, आणि कॅलेंडर काढतो. पुढची तारीख निदान २६ दिवसांनंतरची.