डोंगरउतारावर समतल चर: आखणीपासून पहिल्या पावसापर्यंत

समतल चराचे काम एकच: उतारावरून धावत सुटलेले पाणी आहे तिथे अडवायचे आणि मुरवायचे. त्यासाठी चर पूर्ण लांबीत एका पातळीत हवा. रेषा चुकली की त्याच चराचा पाट होतो. पाणी एका टोकाला जमते, खोदलेल्या मातीचा भराव फोडते आणि ओघळ नव्हता तिथे नवा ओघळ पाडते. चुकीचा चर न खोदलेल्या चरापेक्षा वाईट, म्हणून श्रमदानाची तारीख जाहीर करण्याआधी आखणी पुरी करून ठेवा. माणसे टिकाव-फावडी घेऊन उभी आणि रेषा अजून मारायचीच आहे, अशा घाईत हमखास चुका होतात.

आधी उतार चालून बघा

माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकदा पायी फिरा. जमीन कोणाची आहे, कोणाची परवानगी लागेल, गुरे कुठून चढतात, ओघळ कुठून सुरू होतात हे सगळे साध्या नकाशावर उतरवा. काही जागा सरळ वगळाव्या लागतात. ३३ टक्क्यांहून जास्त उतारावर सलग चर नको. तिथे गवत आणि झुडपेच बरी. जमिनीला लांब आडव्या भेगा गेलेल्या, झाडे खाली कललेली किंवा जुनी दरड घसरलेली दिसली, तर तिथे पाणी मुरवणे म्हणजे दरडीला निमंत्रण. अशा जागी कुदळ लावू नका.

ए-फ्रेम बनवा आणि पारखून घ्या

ए-फ्रेम म्हणजे समतल रेषा आखायची, इंग्रजी A च्या आकाराची चौकट. सरळ बांबूच्या किंवा लाकडाच्या २.१ मीटरच्या दोन काठ्या वरच्या टोकाला घट्ट बांधा. खालच्या टोकांत बरोबर २ मीटर अंतर ठेवा आणि मध्ये सव्वा मीटरची आडवी दांडी बांधा. वरच्या सांध्यातून दोऱ्याने ओळंबा सोडा. ओळंब्याऐवजी मूठभर वजनाचा दगडही चालतो. दोरा दांडीला जेमतेम चाटून जावा, घासू नये.

आता पारख. किंचित उताराच्या जागी दोन खुंट्या ठोका, त्यांवर फ्रेमचे पाय टेकवा आणि दोरा दांडीवर जिथे येतो तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर फ्रेम ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये समतलाची खूण येते, ती कोरूनच ठेवा. बांधणी ढिली झाली किंवा फ्रेम आपटली की पारख नव्याने करावी लागते.

या साधनाची अचूकता समजून घ्या. पायाकडे १ सेंटिमीटरचा फरक पडला की दांडीवर दोरा अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासच सरकतो. डोळ्याला तो क्षुल्लक वाटतो. पण प्रत्येक पावलाला एकाच बाजूला अर्धा सेंटिमीटर चूक होत गेली, तर ५० पावलांत, म्हणजे १०० मीटरवर, २५ सेंटिमीटरचा फरक होतो. चराची खोली ३० सेंटिमीटर असेल, तर एक टोक ओसंडत असताना दुसरे जवळपास कोरडे राहील. म्हणून फ्रेम उचलून जशीच्या तशी पुढे नेऊ नका. पुढचा पाय जागेवर ठेवून कंपाससारखी फिरवा, म्हणजे मागचा पाय पुढे येतो. दोरा समतलाच्या खुणेवर आला की त्या पायापाशी खुंटी ठोका. पारखीत थोडी चूक राहिली असली, तरी एका पावलाची चूक पुढच्या पावलात फिटते. वारा असेल तेव्हा आखणी करूच नका. हलत्या दोऱ्यावर अंदाजाने खूण केली जाते आणि तो अंदाज सहसा आपल्याला सोयीचा असतो.

उतारही याच फ्रेमने मोजता येतो. वरच्या बाजूचा पाय जमिनीवर ठेवा आणि खालच्या बाजूचा पाय दोरा खुणेवर येईपर्यंत उचला. पायाखाली ३० सेंटिमीटर अंतर राहिले, तर ३० भागिले २००, म्हणजे १५ टक्के उतार. चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा.

दोन चरांत किती अंतर?

इथे ठोकताळा नको, गणित करा. ते अवघड नाही. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या प्रत्येक मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावते. एका सरीत ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्मा वाहून निघाला असे धरा. मग वरच्या ७ मीटरच्या पट्ट्यातून चराच्या प्रत्येक मीटरला ७ × ५० × ०.५, म्हणजे १७५ लिटर पाणी येईल. अंतर ७ मीटर ठीक. तेच १० मीटर केले तर २५० लिटर येतात आणि चर ओसंडतो. मग खोली ४५ सेंटिमीटर करावी लागेल, म्हणजे क्षमता २७० लिटर होईल. उघड्या, खडकाळ माळावर निम्म्याहून जास्त पाणी वाहते, दाट गवतावर कमी. आपल्या भागात वर्षातून एक-दोनदा पडणारी जोरदार सर धरून आखा. पन्नास वर्षांतून एकदा येणारा पाऊस चरात धरू म्हटले, तर खोदाई कधीच संपणार नाही.

मजुरीचा अंदाजही यातूनच निघतो. ७ मीटर अंतराने एका हेक्टरवर सुमारे १,४३० मीटर चर बसतात, म्हणजे २५७ घनमीटर माती. मुरमात सवयीचा माणूस दिवसाला साधारण १ घनमीटर काढतो, नवखा त्याच्या निम्मे. हौसेने पाच हेक्टर आखण्याआधी हा हिशेब सगळ्यांसमोर मांडा.

खोदाई

काम माथ्यापासून खाली आणा. खालून सुरुवात केली तर पहिल्याच पावसात वरचे पाणी आणि गाळ खालच्या चरांत येतो आणि महिन्याभराचे काम एका रात्रीत बुजते.

आखणीच्या खुंट्यांवरून चुन्याची फक्की मारा. रेषा थोडी नागमोडी आली तरी ती तशीच ठेवा. दिसायला सरळ करायच्या नादात समतल जातो. झाड किंवा मोठा खडक आला तर चर तिथे थांबवून पलीकडे त्याच पातळीवर पुन्हा सुरू करा. खोली नेहमी खालच्या काठापासून मोजा. १५ टक्के उतारावर ६० सेंटिमीटर रुंदीत वरचा काठ ९ सेंटिमीटर उंच असतो. वरून मोजणाऱ्याचा चर कागदावर ३० आणि प्रत्यक्षात २१ सेंटिमीटर खोल भरतो.

माती नेहमी खालच्या बाजूला टाका, पण काठाला चिकटवून नाही. मध्ये ३० सेंटिमीटरची मोकळी पट्टी सोडा, नाहीतर पहिल्या सरीत तीच माती चरात परत येते. भराव पायाने तुडवून घट्ट करा.

दर ३ ते ५ मीटरवर ३० सेंटिमीटर लांबीचा न खोदलेला आडवा, म्हणजे चराचे कप्पे पाडणारा मातीचा पट्टा, ठेवा आणि त्याचा माथा खालच्या काठापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर खाली तासा. आखणीत राहिलेली चूक हा आडवा सांभाळतो: एक कप्पा भरला की पाणी भरावावरून न जाता शेजारच्या कप्प्यात उतरते. खोदणाऱ्यांना तो अडथळा वाटतो आणि ते उत्साहात फोडून टाकतात. त्यांना कारण आधीच सांगून ठेवा.

ओघळाच्या काठापासून दोन-तीन मीटर अलीकडेच चर संपवा. चर ओघळाला जोडला की सगळे अडवलेले पाणी त्या वाटेने निघून जाते. ओघळात दगडी बांध घाला, तोही वरून खाली. उंची पाऊण मीटर पुरे. दोन्ही काठांत अर्धा मीटर खाच घेऊन दगड आत बसवा, आणि मधला भाग कडांपेक्षा २०-३० सेंटिमीटर खाली ठेवा, म्हणजे पाणी मधूनच सांडते. हा सांडवा नसेल तर पाणी बांधाला वळसा घालून काठ कापते. बरेच दगडी बांध असेच वाया जातात. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत यावा. ओघळाचा उतार १० टक्के असेल, तर पाऊण मीटर उंचीच्या बांधांत साडेसात मीटर अंतर येते. दगड ओघळातलेच घ्या. उतारात रुतलेले उपटू नका, ते माती धरून असतात.

पहिला पाऊस आणि त्यानंतर

पहिली मोठी सर थांबली की दोन-तीन जणांनी फावडे घेऊन फेरी मारावी. चर पाण्याने भरलेला असताना चूक जशी दिसते तशी नंतर दिसत नाही. जिथून आधी ओसंडले तिथला काठ खाली आहे. मागची माती तिथे चढवा. भरावावर याच दिवसांत स्थानिक गवताचे बी टाका. पाणी दोन-तीन दिवसांत मुरायला हवे. आठवडाभर साचून राहिले, तर तळाशी चिकण गाळ बसला आहे. तळ टिकावाने उकरा, नाहीतर डासांची पैदास सुरू होईल.

चराईबंदी शिक्षेच्या धाकाने टिकत नाही. उतार दोन-तीन भागांत वाटून आळीपाळीने बंद ठेवावा आणि बंद भागातले गवत कापून न्यायला मुभा द्यावी, म्हणजे गुरे पाळणारेच राखण करतात. गुरांच्या खुरांनी भराव ढासळतो, आणि तो सर्वांत आधी ढासळतो गुरे चढतात त्या पायवाटेवर. तिथे चर तोडून वाट मोकळी ठेवणे शहाणपणाचे.

दरवर्षी पावसाच्या आधी गाळ काढा आणि तो खालच्या भरावावरच टाका. खोली निम्म्यावर आलेला चर निम्मेच पाणी धरतो, आणि उरलेले पाणी खालच्या चराच्या वाट्याला जाते.