कॅज्युअल्टीत ड्युटी करताना या चुका टाळा

कॅज्युअल्टीच्या चार्टवर सगळ्यात जास्त खोटा लिहिला जाणारा आकडा श्वासाचा. वाचत जा, ओळीने सगळे 18 नाहीतर 20. नाडी आणि बीपी मशीन घेतं, श्वास मात्र आपल्यालाच मोजावा लागतो, म्हणून तो नजरेनेच ‘मोजला’ जातो. पेशंट खालावायला लागला की बहुधा आधी हाच आकडा वाढतो; बीपी बराच वेळ तग धरतं आणि मग एकदम कोसळतं. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवा आणि पूर्ण मिनिट छातीकडे बघा. आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. मोठ्या माणसात 25 किंवा त्याहून जास्त आला, तर नुसता लिहून ठेवू नका, डॉक्टरांना लगेच सांगा.

सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 98 दिसलं की सगळे निर्धास्त. पण ऑक्सिजन लावलेला असेल तर दमत चाललेल्या पेशंटचंही ते 98 दिसू शकतं. धुरात कोंडलेल्या माणसाचं तर हमखास फसवं, कारण बोटाला लावायच्या साध्या प्रोबला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ओळखता येत नाही. उलट रीडिंग कमी आलं आणि पेशंट मजेत बोलतोय? बोटं गार आहेत का, नेलपॉलिश आहे का, ते बघा. बीपी अनपेक्षित जास्त आलं तर दंडाला गुंडाळायचा कफ (पट्टा) लहान तर नाही ना, हेही.

रक्तातलं पोटॅशियम 7, म्हणजे धोकादायक जास्त, आलं की धावपळ होते. सॅम्पल घेताना रक्तपेशी फुटल्या असतील, किंवा जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं (तिच्यातल्या रसायनातच पोटॅशियम असतं) रक्त दुसरीत ओतलं असेल, तर आकडा खोटा वाढतो. दुसऱ्या कारणात कॅल्शियमही विचित्र कमी येतं, ती खूण. तरी ‘सॅम्पलच खराब असेल’ म्हणून सोडून देऊ नका: आधी ईसीजी, सोबत नवं सॅम्पल.

ट्रायेजचा (कोणाला आधी बघायचं ते ठरवण्याचा) रंग एकदा दिला की तो कायमचा नसतो. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात, कोपऱ्यातला गप्प झालेला राहून जातो. फेरी मारा, पुन्हा तपासा. छातीत दुखतंय म्हटलं की 10 मिनिटांत ईसीजी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मधुमेही किंवा वयस्कर पेशंट नुसता घामाघूम होतो, दम लागतो म्हणतो, उलटी करतो. त्याचाही तितक्याच लवकर काढा. बरळणाऱ्या माणसाच्या तोंडाला दारूचा वास आला तरी शुगर बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तोंडी ऑर्डर गोंधळात नीट ऐकू येत नाही. ‘अ‍ॅड्रेनालिन अर्धा द्या.’ अर्धा काय, आणि कुठून? तीव्र अ‍ॅलर्जीत मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. तोच डोस घाईत शिरेतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. औषध, डोस, मार्ग मोठ्याने परत म्हणा, ‘हो’ ऐका, मग सिरिंज उचला. डॉक्टर वैतागले तरी चालेल.