नवी इलेक्ट्रिक गिटार निवडताना वादकांची मते कशी पारखावीत

आजच्या इलेक्ट्रिक गिटारच्या माहितीपत्रकात भाजलेल्या मेपल लाकडाची नेक (मान), स्टेनलेस स्टीलचे फ्रेट (मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्या), लॉकिंग ट्यूनर (तार आवळून धरणाऱ्या खुंट्या), कॉइल-स्प्लिट (पिकअपच्या, म्हणजे तारांचा कंप टिपणाऱ्या भागाच्या, दोन कॉइलांपैकी एक बंद करण्याची सोय) अशी वैशिष्ट्ये ओळीने छापलेली असतात, आणि त्यांतील प्रत्येकाविषयी दोन अनुभवी वादक अगदी उलट मते देतात. बहुतेक वेळा दोघेही खरेच बोलत असतात. एकाने जाड तारा लावलेल्या असतात तर दुसऱ्याने बारीक. एक घरात हेडफोन लावून वाजवतो आणि दुसरा मांडवात ड्रमच्या शेजारी उभा राहून. त्यामुळे ऐकलेले मत स्वतःच्या हाताने कसे तपासावे, एवढेच या लेखात सांगितले आहे. उदाहरणासाठी फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या घडणीची, म्हणजे मूळ १९५४ साली बाजारात आलेल्या आकाराची, पण आजच्या पद्धतीने बनवलेली गिटार घेतली आहे, कारण दुकानांत तीच सर्वाधिक दिसते.

दुकानात जाण्याआधी एक काम घरीच उरकावे. ज्यांची मते ऐकली असतील त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: तारांची जाडी किती, संगीत कोणते, आणि ही गिटार किती महिने वापरली. आठवडाभराच्या वापरावरून दिलेले मत रंगरूप आणि पहिल्या स्पर्शापुरते खरे असते. फ्रेट, खुंट्या आणि स्विच यांच्याविषयी ते फारसे उपयोगाचे नसते. ही उत्तरे वहीत त्या त्या मतासमोर लिहून ठेवली की अर्धा गोंधळ तिथेच निवळतो.

दुकानात गेल्यावर गिटार लगेच ॲम्पला (आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) जोडू नये. आधी पट्टा लावून दहा मिनिटे उभे राहावे. या घडणीची गिटार साधारण साडेतीन किलोच्या आसपास असते. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल घडणीची अनेकदा चार किलोंच्या पुढे जाते, आणि दोन तासांच्या कार्यक्रमात तो फरक खांद्याला जाणवतो. मग डाव्या हाताची बोटे नेकच्या दोन्ही कडांवरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवावीत. फ्रेटची टोके बोचत असतील तर लाकूड सुकून आकसले आहे आणि धातू तेवढाच राहिला आहे, असे समजावे. मी माझी पहिली चांगली गिटार भर पावसाळ्यात घेतली, तेव्हा कडा लोण्यासारख्या होत्या. डिसेंबरमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत त्याच कडांनी अंगठ्याच्या मुळाशी ओरखडे उठले. म्हणून मी तेव्हापासून भाजलेल्या मेपलचे कौतुक गांभीर्याने घेतो. उष्णता देऊन त्या लाकडातील ओलावा आधीच काढलेला असतो, त्यामुळे ऋतू बदलला तरी ते कमी हलते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने या वैशिष्ट्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याच लाकडामुळे सूर अधिक घुमतो हे विधान मला कानांनी कधी पटलेले नाही.

यानंतर बेंड, म्हणजे तार बाजूला ओढून स्वर चढवणे, तपासावा. पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटपासून वर एकेका जागी दोन फ्रेटांइतकी, म्हणजे पूर्ण टोनभर, तार ओढावी. जुन्या घडणीचा फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकवरची पट्टी) सव्वासात इंची त्रिज्येचा, म्हणजे बराच गोलाकार असतो. तारा खाली बसवलेल्या असतील तर ओढलेली तार पुढच्या फ्रेटला टेकते आणि स्वर मध्येच गुदमरतो. साडेनऊ किंवा बारा इंची त्रिज्येवर हे कमी होते, आणि वर जाताना सपाट होत जाणाऱ्या मिश्र त्रिज्येवर आणखी कमी. सतारीच्या मींडेची सवय असलेले हात तार फार लांबपर्यंत ओढतात. त्यांनी सपाट बोर्डाची बाजू घेणाऱ्यांचे ऐकावे. उलट, दिवसभर बार कॉर्ड (एक बोट आडवे ठेवून अनेक तारा एकदम दाबण्याची पकड) धरणाऱ्याला गोलाकार बोर्ड सुखाचा वाटतो, हेही तितकेच खरे आहे.

तार ओढायला किती बळ लागते, यात लांबीचाही वाटा असतो. या घडणीत नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (तारांचा खालचा आधार) साडेपंचवीस इंच अंतर असते, गिब्सनच्या घडणीत पावणेपंचवीस म्हणून सांगितले जाते. तीच तार त्याच सुरात लावली तर आखूड गिटारवर ताण सुमारे सहा टक्के कमी भरतो. म्हणून “ही गिटार मऊ आहे” असे कोणी म्हटले की आधी लांबी विचारावी, लाकूड नंतर.

स्टेनलेस फ्रेटची परीक्षा याच वेळी होते. तार त्यावरून तेल लावल्यासारखी सरकते आणि नेहमीच्या निकेल सिल्व्हरपेक्षा हा धातू कठीण असल्यामुळे वर्षानुवर्षे खाचा पडत नाहीत. आवाज कर्कश होतो ही तक्रार मी ॲम्पवर अनेकदा पडताळून पाहिली, पण पिकअप आणि टोनच्या बटणापुढे तो फरक मला उरलेला दिसला नाही. एक व्यावहारिक अडचण मात्र खरी आहे: हा धातू हत्यारे झिजवतो, म्हणून त्यावर काम करणारा कारागीर आपल्या गावात आहे का, हे आधी विचारून ठेवावे.

सूर टिकण्याच्या परीक्षेला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण याच बाबतीत वादकांची मते सर्वाधिक चुकीच्या जागी बोट ठेवतात. क्लिपचा ट्यूनर लावून सर्व तारा नीट लावाव्यात. तिसरी तार चार-पाच वेळा जोराने ओढून सोडावी आणि ट्यूनर पाहावा. मग ट्रेमोलोचा, म्हणजे ब्रिज हलवून स्वर खालीवर करण्याचा, दांडा खाली दाबून सोडावा आणि पुन्हा पाहावा. ओढल्यावर तार उतरत असेल आणि दांडा दाबल्यावर तीच तार चढत असेल, तर ती नटच्या खाचेत अडकते आहे. खुंटी फिरवताना “टिंग” असा बारीक आवाज आला तर खात्रीच समजावी. हा दोष लॉकिंग ट्यूनरने जात नाही. त्या खुंट्यांमुळे तार पटकन बदलता येते आणि खांबावर वेढे कमी पडतात, हा त्यांचा खरा गुण आहे. नटची खाच मात्र कानशीने नीट करून घ्यावी लागते. खाचेत पेन्सिलीचे शिसे घासून पुन्हा परीक्षा घेतली की दोष नटचाच आहे का, ते तिथल्या तिथे कळते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना जी चिकाटी दाखवतात, तीच इथे हवी. फ्लॉइड रोझ पद्धतीचा ब्रिज तारा दोन्ही टोकांना आवळतो, त्यामुळे सूर उत्तम टिकतो. पण एक तार तुटली की बाकी साऱ्या बिघडतात आणि तारा बदलायला बराच वेळ जातो. ज्याला दांडा सतत वापरायचा नाही, त्याने तो टाळावा.

आता ॲम्प लावावा, आवाज आधी स्वच्छ ठेवावा. सिंगल-कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपवर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर येणारच. जागेवर हळूहळू वळले की ती कमीजास्त होते. पंख्याचा रेग्युलेटर आणि ट्यूबलाइट बंद करून पुन्हा ऐकावे, म्हणजे दोष गिटारचा की खोलीचा ते समजते. हम्बकर प्रकारच्या पिकअपमध्ये दोन कॉइल परस्परांची घरघर पुसून टाकतात, म्हणून कॉइल-स्प्लिट ओढताच ती परत येते आणि आवाजही खाली बसतो. स्प्लिट केलेला स्वर खऱ्या सिंगल-कॉइलसारखा नाही, ही टीका रास्त आहे. तरीही एकाच कार्यक्रमात दोन गिटार नेणे ज्याला शक्य नाही, त्याला तो पुरेसा ठरतो. पिकअप निवडण्याच्या स्विचच्या पाचही जागा वाजवून पाहाव्यात आणि ज्या दोन जागांवर हात पुन्हा पुन्हा जातो, त्या वहीत लिहाव्यात.

फ्रेटबोर्डच्या लाकडाचा वाद थोडक्यात आटोपता येतो. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली, म्हणून काही उत्पादकांनी पाऊ फेरो हे लाकूड वापरायला घेतले. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली. त्या मधल्या काळातील गिटारला सरसकट दुय्यम म्हणणे अन्यायाचे आहे.

शेवटी वहीत दोन स्तंभ करावेत: हाताला प्रत्यक्ष जाणवलेले गुण एका बाजूला, नुसते ऐकलेले दुसऱ्या बाजूला; आणि किमतीची तुलना पहिल्या स्तंभाशीच करावी. गिटार घेतल्यावर आपल्या नेहमीच्या जाडीच्या तारा चढवून सेटअप करून घ्यावा. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची १.६ मिलिमीटरच्या आसपास ठेवून सुरुवात करावी, आणि पहिला पावसाळा सरल्यावर नेकचा बाक एकदा पुन्हा तपासावा.