हिवाळी भाजीचा वाफा: कुदळ मारण्याआधी वाफसा बघा

परतीचा पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडलं की खणायची घाई होते. थोडं थांबा, आधी वाफसा, म्हणजे मातीत खणण्याजोगी बेताची ओल, येऊ द्या. कोल्हापूरकडच्या पंचगंगेकाठच्या काळ्या रानात वरचा पापुद्रा सुकलेला दिसला तरी खाली वीतभर चिखलच असतो. ओल्यात खणलं की माती दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते आणि आठवड्यात विटेसारखी ढेकळं होतात. अशा वाफ्यात गाजर-मुळ्याला फाटे फुटतात आणि मेथी विरळ उगवते.

वीतभर खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर वाफसा आला. नुसताच चपटा झाला, तळहात माखला, तर अजून दोन-तीन दिवस जाऊ द्या. गोळाच होत नसेल तर हलकं पाणी देऊन दोन दिवसांनी पुन्हा बघा.

वाफसा आला की 20-25 सेंटिमीटर खोल खणा. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काड्या हातानं वेचून काढा, कारण कुदळीनं तुटलेला तुकडाही पुन्हा फुटतो. खणलेली माती आठवडाभर उन्हात तापू द्या.

मग खत. 10 बाय 10 फुटांच्या जागेला 20 ते 25 किलो शेणखत, 1 किलो निंबोळी पेंड आणि 300 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. सुपर फॉस्फेटमधलं स्फुरद (फॉस्फरस) मातीत फारसं सरकत नाही, म्हणून ते आत्ताच मुळांच्या थरात मिसळलं पाहिजे. शेणखत काळपट, भुसभुशीत, वास गेलेलं हवं. कच्च्या शेणात हुमणीची अळी येते. खत पसरताना इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी दिसली की लगेच वेचून टाका.

काळी माती मोकळी व्हावी म्हणून बरेच जण घमेलंभर वाळू टाकतात. तेवढ्यानं काही होत नाही. तिला शेणखतच हवं, दरवर्षी. पन्हाळा, राधानगरीकडची तांबडी माती आम्लधर्मी आणि पाणी न धरणारी. तिला शेणखत 35 किलोपर्यंत द्या, वर किलोभर लाकडाची चाळलेली राख चालते. काळ्या मातीत राख नको, ती माती मुळातच अल्कधर्मी असते.

काळ्या रानात 3 फूट रुंद, अर्धा फूट उंच गादीवाफे करा, मधे दीड फूट वाट ठेवा. तांबड्या मातीत सपाट वाफे पुरतात. दंताळ्यानं ढेकळं फोडून वरचा थर रव्यासारखा करा, मेथी-पालकाला तो लागतोच. कोबी-फ्लॉवरच्या रोपांना थोडी जाड माती चालते.

वाफा तयार झाला तरी लगेच पेरू नका. पाणी देऊन 8-10 दिवस तण उगवू द्या आणि खुरप्यानं वरवर, फार तर दोन बोटं खोल, काढून टाका. खोल गेलात तर खालचं बी वर येतं. त्यानंतर पेरा. रोपं चार पानांवर आली की ओळींमधे उसाचं पाचट अंथरा.