मिक्स्ड मेथडचा पेपर घेऊन कॉन्फरन्सला चाललाय? मग या चुका टाळा

हल्ली आमच्या सांगली-मिरजेकडं कॉलेजात कॉन्फरन्स म्हटली की एका तरी सेशनच्या नावात 'मिक्स्ड मेथड' असतंच. म्हणजे आकडेही घ्यायचे आणि माणसांशी बोलायचंही, संख्यात्मक अधिक गुणात्मक. मी स्वतः असे दोन पेपर वाचलेत, त्यातल्या पहिल्यात सपशेल आपटलोय, आणि आता ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचे सारांश, चाळायचं काम माझ्या गळ्यात येतं, त्यामुळं तीच तीच गफलत परत परत दिसते म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात कॉमन गफलत गूगल फॉर्मची. वीस प्रश्न टिकमार्कचे आणि शेवटी एक रकाना, 'आपल्या काही सूचना?'. लोक त्यात लिहितात 'छान उपक्रम', 'धन्यवाद सर', फार तर 'फी कमी करा'. आणि आपण ॲब्स्ट्रॅक्टमध्ये ठोकून देतो की गुणात्मक माहितीही गोळा केली. अहो तो रकाना आहे, मुलाखत नव्हे. माणूस एक ओळ लिहून पळतो, त्याला 'म्हणजे कसं?' असं परत विचारायला तुम्ही तिथं नसता. हा पेपर साधा सर्व्हे म्हणून दिला तर काही बिघडत नाही, उलट बरा दिसतो.

दुसरं म्हणजे आधी काय केलं आणि नंतर काय केलं हे न सांगणं. मुख्य तीन रचना आहेत. आधी सर्व्हे आणि मग त्यातलं कोडं सोडवायला मुलाखती, ही एक. आधी मुलाखती आणि त्यातून प्रश्नावली तयार करायची, ही दुसरी. तिसरीत दोन्ही एकाच काळात करून शेवटी समोरासमोर ठेवायचं. समजा तासगावच्या बेदाण्यावर काम करताय आणि शेडवरच्या मजूर बायकांना नेमका कशाचा त्रास होतो हे तुम्हालाच माहीत नाही, तर थेट प्रश्नावली छापून काय विचारणार? आधी बोला. उलट २०१९ च्या महापुरावर काम असेल आणि सर्व्हेत दिसलं की एकाच गल्लीतली काही घरं वेळेत बाहेर पडली आणि काही नाही, तर पुढचं 'का?' मुलाखतीतनंच कळणार. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये हे एका वाक्यात आलं पाहिजे, नाहीतर चेअरपर्सनचा पहिला प्रश्न तिथंच येतो.

यातच अजून एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. पहिल्या वेळी सर्व्हे पूर्ण निनावी घेतला, नाव नाही नंबर नाही, मला वाटलं वा काय एथिकल काम केलंय, आणि नंतर ज्यांची उत्तरं विचित्र आली त्यांनाच भेटायचं म्हटलं तर ती माणसं शोधणार कुठं? मग ओळखीच्या सात-आठ जणांच्या मुलाखती घेतल्या आणि सर्व्हेशी त्याचा काडीचा संबंध राहिला नाही. तेव्हा फॉर्ममध्येच विचारून ठेवा, 'नंतर बोलायला चालेल का, चालत असेल तर नंबर द्या'. नंबर वेगळ्या फाइलमध्ये, उत्तरं वेगळ्या, मध्ये फक्त एक कोड. एवढंच करायचं असतं.

आता मुख्य मुद्दा. नव्वद टक्के वेळ आकड्यांना, शेवटच्या स्लाइडवर मुलाखतींतली दोन वाक्यं, आणि मधे दोन्हींना जोडणारा पूल नाही. दोन पेपर एका पिनेनं टाचल्यासारखं.

माझा दुसरा पेपर जत तालुक्यातल्या बचत गटांवर होता. सर्व्हेत प्रश्न होता, 'कर्जाचा पैसा कशावर खर्च करायचा हे कोण ठरवतं?' पर्याय स्वतः, नवरा, दोघं मिळून, इतर. बहुतेक बायकांच्या फॉर्मवर 'स्वतः' ला टिक. मी खूश, सक्षमीकरण झालं, विषय संपला. मग मुलाखतीला बसलो. दारात शेंगा फोडत बसलेल्या एका मावशींना परत तेच विचारलं. "आमीच की ठरवतोय." म्हटलं मागच्या कर्जाचं काय केलं? "पोराच्या गाडीचा हप्ता भरला की." कुणी सांगितलं भरायला? "ह्यांनीच की, दुसरं कोण सांगणार?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मावशींच्या 'आमी' मध्ये अख्खं घर होतं, आणि फॉर्म भरणाऱ्या आमच्या पोरानं तो 'आमी' ऐकून 'स्वतः' वर टिक मारली होती. मावशी खोटं बोलल्या नव्हत्या, पोरानंही चीटिंग केली नव्हती. प्रश्नच शहरातल्या माणसानं लिहिलेला.

माझी पहिली रिॲक्शन काय असेल? ही मुलाखत गाळावी. कारण आकड्यांशी जुळत नाही. खरं सांगतो, दोन दिवस मी तेच ठरवलं होतं. नंतर गाईड मॅडम म्हणाल्या, अरे हाच तर तुझा पेपर आहे! आणि खरंच सेशनमध्ये त्या एका 'आमी' वर जेवढे प्रश्न आले तेवढे माझ्या सगळ्या टेबलांवर मिळून आले नाहीत. त्यामुळं आकडे आणि मुलाखती भांडायला लागल्या की घाबरू नका, भांडण लपवू तर नकाच. आधी बघा प्रश्न कसा विचारला गेला, मग बघा कुणाला विचारला, आणि तरीही फरक उरला तर तो सरळ मांडा.

मांडायचं कसं? एक टेबल करा, याला जॉइंट डिस्प्ले म्हणतात. डावीकडं सर्व्हेतला प्रश्न आणि आकडा, मधल्या रकान्यात त्याच मुद्द्यावर लोक काय म्हणाले त्यांच्याच शब्दांत, आणि उजवीकडं दोन्ही एकत्र बघून तुम्हाला काय कळलं ते. उजवा रकाना भरता येत नसेल तर समजायचं की काम अजून झालेलं नाही. पीपीटीत बाकी दहा स्लाइड उडवा पण ही ठेवा.

'ट्रायँग्युलेशन' हा शब्द जपून वापरा बरं का. मूळ शब्द जमीन मोजणीतला, दोन ठिकाणांहून कोन घेऊन तिसऱ्या ठिकाणाची जागा काढायची. म्हणजे एकच गोष्ट दोन बाजूंनी तपासायची. तुमचा सर्व्हे उत्पन्नावर आणि मुलाखती सासुरवासावर असतील तर ते ट्रायँग्युलेशन नाही. तसंही दोन पद्धती एकत्र करायचं ते एकच कारण नसतं, जेनिफर ग्रीन या अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच अशी पाच कारणं मांडली होती, ट्रायँग्युलेशन त्यातलं फक्त एक.

सॅम्पलचं, म्हणजे सर्व्हेत किती माणसं घ्यायची याचं, तर विचारूच नका. '३८४' हा आकडा आमच्याकडं देवाच्या प्रसादासारखा वाटला जातो. तो येतो ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरून, मोठ्या लोकसंख्येसाठी, आणि निवड रँडम असेल तरच त्याला अर्थ. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून जमवलेले ३८४ हे ओळखीचे ३८४ असतात. आणि याच्या उलट चूक मुलाखतीत, 'बारापैकी नऊ जण म्हणाले म्हणजे ७५ टक्के'. बारा माणसांचे टक्के काढू नका हो, तिथं कोण काय आणि का म्हणालं तेवढंच महत्त्वाचं.

क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे एकाच विषयावरच्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, एकदम खाली आलाय किंवा मायनसमध्ये गेलाय? रडण्याआधी उलटे प्रश्न बघा. 'मला गटाचा फायदा झाला' आणि 'गटात जाणं म्हणजे वेळ वाया' या दोन्हीला ५ म्हणजे पूर्ण सहमत असंच कोडिंग ठेवलं असेल तर असंच होणार. दुसऱ्याचे गुण उलटे करा, ५ चा १, ४ चा २, आणि परत चालवा.

मुलाखती लिहून काढताना बोली 'सुधारू' नका. 'हाय की' चं 'आहे' करून टाकलं तर माझा तो 'आमी' पण 'मी' झाला असता. जतच्या पूर्व भागात बोलणं मधेच कानडीत जातं, तिथं भाषांतर कुणी केलं ते पेपरात लिहा. आणि नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही, 'अमुक गावच्या माजी सरपंच' लिहिलं की अख्ख्या तालुक्याला कळतं कोण ते.

बाकी किरकोळ पण हमखास रडवणाऱ्या गोष्टी. जुन्या फॉन्टमधली मराठी पीपीटी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर किड्या-मुंग्यांसारखी दिसते, युनिकोडमध्येच टाइप करा आणि सोबत पीडीएफ ठेवा. दहा मिनिटं मिळणार असतील तर आठचीच तयारी करा, त्यात चार तरी त्या जॉइंट डिस्प्लेला. सेशन जेवणानंतरचं मिळालं तर श्रीखंड-पुरी खाल्लेल्या हॉलसमोर पाय चार्ट दाखवू नका, थेट मावशींपासून सुरुवात करा.

आणि पैसे भरण्याआधी पेपर कुठं छापणार ते विचारा. 'यूजीसी केअर जर्नलमध्ये छापू' असं ब्रोशरवर अजून लिहितात, पण केअर ही यूजीसीची मान्य जर्नलांची यादी होती, आणि ती यूजीसीनं २०२५ मध्ये बंद केलीय. जर्नलचं नाव विचारा, त्याचे जुने अंक उघडून बघा, आणि नाव सांगायला टाळाटाळ झाली तर फक्त पेपर वाचा, मस्त चर्चा करा, सर्टिफिकेटवरचं स्पेलिंग तिथल्या तिथं तपासून घ्या आणि पेपर घेऊन घरी या.