बास बोट किती पळते, आणि आपल्या खाडीतल्या बोटीचा स्पीड कसा मोजायचा न् वाढवायचा

अमेरिकेतल्या बास फिशिंगचे, म्हणजे बास नावाचा मासा गळाने धरायच्या खेळाचे, व्हिडिओ बघून ऐरोली, वाशी, घोडबंदरकडची गळ टाकणारी पोरं एकच प्रश्न विचारतात, ती बोट नेमकी किती पळते, आणि आपली का नाही पळत? आधी पहिल्याचं उत्तर देतो. १८ ते २१ फुटी फायबरची बास बोट, मागे २०० ते २५० एचपीचं आउटबोर्ड म्हणजे बाहेरून टांगलेलं इंजिन, अशी जोडी असेल तर ताशी ९५ ते १२० किलोमीटर हा आज नेहमीचा टॉप स्पीड आहे. १७-१८ फुटी बोट ११५ एचपीवर साधारण ७० ते ८० जाते, आणि ॲल्युमिनियमची छोटी बोट ६०-७५ एचपीवर ५० ते ६५ च्या आसपास. ॲलिसन, बुलेट अशा कंपन्या मुद्दाम हलक्या बोटी बनवतात, त्या १४० च्याही वर जातात, पण त्या चालवायला वेगळाच हात लागतो.

एवढा वेग कशाला, तर स्पर्धेसाठी. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा, तलाव अफाट मोठे, सकाळी सगळ्या बोटी सुटतात आणि ठरलेल्या वेळेत पाच चांगले मासे घेऊन परत यायचं असतं. जो लवकर पोचला त्याला गळ टाकायला जास्त वेळ मिळाला, सरळ हिशोब आहे. तिथल्या बीएएसएस या संस्थेच्या स्पर्धांत २५० एचपीची मर्यादा आहे, त्यामुळे इंजिन सगळ्यांकडे जवळपास तेवढंच, आणि तरीही एकाची बोट १०५ जाते न् दुसऱ्याची ११५. हा फरक येतो कुठून ते समजलं की आपल्या १५ एचपीच्या बोटीलाही तेच लागू करता येतं, आणि माझं ठाम मत आहे की नवीन मोठ्या इंजिनाला पैसे घालायच्या आधी प्रत्येकाने खालच्या गोष्टी करून बघायलाच हव्यात.

पहिली पायरी : आपली बोट कुठल्या जातीची ते बघा

ही पायरी सगळे सोडतात. बास बोट पळते कारण ती वेगात पाण्यावर चढते, म्हणजे तळाचा बराचसा भाग पाण्याबाहेर येतो आणि ती मागच्या थोड्याशा सपाट पट्टीवर सरकत जाते. या पट्टीला पॅड म्हणतात, रुंदी फार तर फूटभर. आपल्या कोळीवाड्यातल्या जुन्या लाकडी होड्या अशा चढत नाहीत, त्या पाणी कापत जातात, आणि अशा होडीला लांबीनुसार एक वेग ठरलेला असतो. पाण्यातली लांबी १६ फूट असेल तर साधारण ताशी १० किलोमीटर, २५ फूट असेल तर १२ च्या थोडं वर. त्यापुढे कितीही इंजिन लावा, मागचा भाग खाली बसतो, नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक आकाशाकडे जातं, लाट मोठी उठते आणि पेट्रोल जळतं, वेग काही वाढत नाही. दिवाळे गावात किंवा वाशी कोळीवाड्यात एखाद्या जुन्या नाखव्याला विचारा, त्याला हे आकड्यांशिवाय पक्कं माहीत असतं. तेव्हा होडी अशी असेल तर वेगाचा नाद सोडा, ती जाळं टाकायला आणि ओझं वाहायला बनलीये आणि त्यात ती उत्तम आहे. सपाट किंवा उथळ व्ही तळाची फायबर बोट असेल तर पुढे वाचा.

दुसरी पायरी : आधी खरा वेग मोजा

मोबाईलमधलं कुठलंही जीपीएस स्पीडचं ॲप चालतं. पण जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग दाखवतं, पाण्याच्या नाही, आणि ठाण्याच्या खाडीत भरती-ओहोटीची ओढ चांगलीच असते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तर वाशीच्या पुलांच्या खांबांजवळ पाणी कसं फिरतं ते डोळ्यांनी दिसतं. म्हणून एकाच पट्ट्यात एकदा ओढीबरोबर आणि लगेच उलटं ओढीविरुद्ध, दोन्ही वेळा फुल थ्रॉटल, आणि दोन्हींची सरासरी. जाताना ३४ न् येताना २८ आलं तर तुमच्या बोटीचा वेग ३१, कट्ट्यावर ३४ सांगायचा नाही. जमलं तर अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस बघा आणि भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं तेव्हा मोजा, खोलीही मिळते आणि ओढही कमी. ओहोटीला आपल्याकडे चिखलाचे पट्टे कधी वर येतात कळतही नाही, त्यामुळे तेव्हा फुल थ्रॉटल नकोच.

प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहून ठेवा, बोटीत माणसं किती, पेट्रोल किती, इंजिनाचा आरपीएम (मिनिटाला फेरे) किती, वारा कसा. आरपीएम दाखवणारा छोटा मीटर स्वस्तात मिळतो, त्याची वायर प्लगच्या वायरला गुंडाळायची असते. तो नसेल तर पुढचं अर्धं काम अंदाजानेच होईल.

तिसरी पायरी : वजन उतरवा

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे आणि एक रुपया लागत नाही. पाण्यावर चढणाऱ्या बोटीचा वेग ताकद भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट हवा तर ताकद चौपट लागते. समजा तुमची बोट, इंजिन, तीन माणसं, सामान सगळं मिळून ५५० किलो आहे आणि १५ एचपीवर ३१ ची गती मिळते. इंजिन २० एचपीचं केलंत तर हिशोबाने जेमतेम ३५-३६ मिळतील, आणि त्यासाठी खर्च केवढा. उलट १०० किलो कमी केलेत तर त्याच इंजिनावर ३४ च्या आसपास जाल.

१०० किलो कुठून काढायचे? आइस बॉक्समधला जास्तीचा बर्फ, दोन नांगर असतील तर एक, भरलेले पाण्याचे कॅन, जुनी बॅटरी, आणि फळ्यांखाली साचलेलं पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास. बास बोटवालेही मासे जिवंत ठेवायच्या टाक्या धावताना रिकाम्या ठेवतात आणि हल्ली लेडच्या बॅटऱ्या काढून लिथियमच्या लावतात, तेही याचसाठी. जुन्या फायबर बोटीत तळाला फोम भरलेला असतो, तो वर्षानुवर्षं पाणी पितो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बोट कोरडी करून ट्रेलरसकट वजनकाट्यावर घाला, मग ट्रेलर एकटा घाला, फरक बघा, कंपनीने सांगितलेल्या वजनापेक्षा खूप जास्त आला तर फोम भिजलाय.

लाइफ जॅकेट, वल्हं आणि पाणी उपसायचा डबा मात्र वजनात धरायचेच नाहीत, ते बोटीतच राहणार.

वजन कुठे ठेवलंय हेही बघा. सगळं मागे असेल तर बोट चढायला वेळ लावते, सगळं पुढे असेल तर नाळ पाण्यात घुसते. पेट्रोलची टाकी आणि बर्फ मधोमध किंचित मागे, हे बहुतेक छोट्या बोटींना जमतं.

चौथी पायरी : तळ आणि पंखा

आपलं पाणी खारं, बोट जेट्टीला बांधून ठेवली की काही आठवड्यांत तळाला शेवाळ आणि बारीक कडक शंखांसारखे बार्नॅकल बसतात. तळावरून हात फिरवा, सँडपेपरसारखं लागलं तरी वेग गेला म्हणून समजा. खरवडून, घासून घ्या, आणि बोट पाण्यातच राहणार असेल तर अँटीफाउलिंग रंग लावा.

आता पंखा, म्हणजे इंजिनाखालचा प्रोपेलर. हा भाग मला सगळ्यात आवडतो. पंख्यावर दोन आकडे असतात, पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच १० म्हणजे पंखा एका फेऱ्यात, घसरला नाही तर, १० इंच पुढे जाईल. पण पाण्यात तो घसरतोच, त्याला स्लिप म्हणतात, आणि ती काढता येते. आरपीएम गुणिले पिच गुणिले १.५२४, भागिले गिअर रेशो (इंजिनाच्या किती फेऱ्यांत पंख्याचा एक फेरा होतो तो आकडा), भागिले १०००, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. ५५०० आरपीएम, पिच १०, गिअर रेशो २.०८ धरला तर ४० येतात. जीपीएसवर ३१ मिळत असतील तर स्लिप २० टक्क्यांच्या थोडी वर. लहान भरलेल्या बोटीला हे चालून जातं, ३०-३५ च्या वर गेली तर पंखा खराब आहे, इंजिन वर बसलंय किंवा बोट जड आहे. चांगल्या बास बोटीची तीच स्लिप १० टक्क्यांच्या आत असते, २५ पिचचा स्टीलचा पंखा, ५८०० आरपीएम, रेशो १.७५, हिशोबाने १२६ आणि प्रत्यक्षात ११५.

पिच निवडताना नियम एकच, फुल थ्रॉटलला आरपीएम इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या पट्ट्यात, शक्यतो वरच्या टोकाला यायला हवा. पट्टा ५००० ते ६००० असेल आणि तुमचा ४६०० वरच अडकत असेल तर पिच जास्त झालीये, इंजिन ओढतंय. एक इंच पिच कमी केली की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतो. मोठी पिच म्हणजे जास्त वेग असं समजून पंखा घेणारे खूप आहेत, तसं करू नका, त्यात इंजिनाचंही नुकसान होतं.

पंखा काढलात की पात्यांच्या कडा बोटाने चाचपून बघा. खडकाला लागून मुडपलेली तांदळाएवढी कड सुद्धा वेग खाते आणि थरथर आणते. आणि पंख्याच्या मागे शाफ्टवर बघा, गळाची तुटलेली नायलॉन दोरी गुंडाळलेली असते, ती फिरून फिरून आतलं सील कापते. मग गिअर ऑइलमध्ये पाणी जातं आणि ते दुधाळ होतं. ऑइलचा स्क्रू काढून चार थेंब बघा, दुधाळ दिसलं तर स्पीड राहू द्या, आधी सील बदला.

पाचवी पायरी : इंजिनाची उंची आणि ट्रिम

इंजिनावर पंख्याच्या वर एक आडवी प्लेट असते, ती बोटीच्या तळाच्या रेषेत हवी. लांब शाफ्टचं इंजिन बुटक्या बोटीला लावलेलं असेल, आणि सेकंडहँड व्यवहारात हे फार होतं, तर खालचा सगळा भाग पाण्यात ओढला जातो. बास बोटींना यासाठी जॅक प्लेट असते, चालता चालता इंजिन वर-खाली करता येतं. आपल्याकडे मागच्या फळीवर लाकडाचा ठोकळा बसवून उंची वाढवतात. अर्ध्या अर्ध्या इंचाने वर घ्या आणि प्रत्येक वेळी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार नीट येतेय ना बघा, धार बारीक झाली की एक पायरी खाली.

ट्रिम म्हणजे इंजिनाचा कोन. छोट्या इंजिनाला पिन आणि भोकं असतात. एक भोक बाहेर घेतलं की नाळ उचलते, तळ कमी टेकतो, वेग वाढतो. नाळ वर-खाली आपटायला लागली किंवा पंखा हवा खाऊन इंजिन एकदम ओरडायला लागलं तर एक भोक आत. बास बोटीत हेच काम बटणावर होतं, आणि १०० च्या वर बोट डावी-उजवी डुलायला लागते, तेव्हा थ्रॉटल कमी करणं हाच उपाय.

हवेचं म्हणाल तर मे महिन्याच्या दमट उकाड्यात इंजिन जरा कमी जोर देतं, आणि बोट वर घाटावर पवनेसारख्या साधारण ६०० मीटर उंचीच्या पाण्यावर नेली तर ५-६ टक्के ताकद जाते. त्यात आपण काही करू शकत नाही, फक्त तुलना करताना लक्षात ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, मग परत दोन्ही बाजूंनी मोजा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

कुठे मोजायचं आणि कुठे नाही

ऐरोली-वाशी पट्ट्यातला खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ पासून, आणि २०२२ मध्ये ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. हिवाळा-उन्हाळ्यात पक्षी चिखलावर चरत असताना तिथे इंजिन ताणू नका, आधी वनखात्याचे नियम विचारून घ्या. तिवरांच्या कडेला आणि जाळ्यांच्या बोयांजवळ तर थ्रॉटल खालीच, खेकडे धरणारी माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात आणि तुमच्या लाटेने त्यांची होडी पाण्याने भरते. पाण्यात प्लास्टिक खूप आहे, पिशवी पाणी ओढायच्या जाळीवर बसली की इंजिन मिनिटांत तापतं, त्यामुळे दर थोड्या वेळाने मागे वळून धार बघायची सवय लावा.

आणि मनगटाला किंवा जॅकेटला लावायची ती लाल किल स्विचची दोरी, माणूस पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींना ती कायद्यानेच सक्तीची झालीये, कारण माणूस पडला तरी बोट फिरून त्याच्याच अंगावर येते. ताशी १०० ला बोट एका सेकंदात २८ मीटर जाते, आणि आपली ३० ला जाते म्हणून पंखा काही कमी कापत नाही. बोट जेट्टीला बांधलेली असताना इंजिन न्यूट्रलमध्ये चालू करून दोरी ओढून बघा, लगेच बंद पडलं नाही तर त्या दिवशी स्पीड टेस्ट नाही, आधी स्विच बदलून घ्या.